तिसऱ्या खिडकीची ताटी

१

विषय : खोली क्रमांक ७, पश्चिमेकडील खिडकी क्रमांक ३ वीटकामाने बुजवण्यास दिलेली मंजुरी रद्द करणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. १२ मे १९९९ चा अर्ज (सदर खिडकी बुजवण्याची परवानगी मिळणेबाबत). २) अर्जदाराची दि. १७ व दि. २० मे ची स्मरणपत्रे. ३) ट्रस्टचे दि. ३१ मे चे मंजुरीपत्र.

महोदय, वरील विषयास अनुसरून कळवण्यात येते की, खिडकी बुजवा म्हणणारा आणि बुजवू नका म्हणणारा इसम एकच असून त्याची मनःस्थिती उत्तम आहे.

हे शेवटचं वाक्य धनराज पगाऱ्यांनी दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा लिहिलं. सदतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावकचं टेबल सांभाळलेल्या माणसाला एवढं कळत होतं, की आपलं डोकं ठिकाणावर आहे असं जो लेखी कळवतो, त्याच्याबद्दल वाचणाऱ्याचं काय मत होतं. पण संताप इतका होता की पेन थांबेना. संताप ट्रस्टवर होता, उन्हावर होता, ताटीवाल्या झुंबरवर होता; आणि यादीच्या तळाशी, जिथे सहीची जागा असते, तिथे स्वतःवर होता.

२

देवळालीतली ती इमारत एके काळी हवापालटाला येणाऱ्या आजाऱ्यांसाठी बांधलेली. दगडी भिंती, उंच कौलारू छप्पर, रुंद जिने. पुढे आजारी यायचे थांबले आणि ट्रस्टने खोल्या भाड्याने दिल्या. निवृत्त झाल्यावर पगाऱ्यांनी वरच्या मजल्यावरची सात नंबरची खोली घेतली, ती पत्नी मोहिनीबाईंना खिडक्या आवडल्या म्हणून. पश्चिमेच्या भिंतीत ओळीने तीन, पुरुषभर उंचीच्या, जाड गजांच्या.

गेल्या वर्षी मार्चात मोहिनीबाईंचा डावा हात आणि डावा पाय गेला. तेव्हापासून त्या खिडक्यांतून वाऱ्याऐवजी ऊनच यायला लागलं. डॉक्टर म्हणाले, "पगारे साहेब, औषधं चालू ठेवा, पण खोली थंड पाहिजे. हा उन्हाळा त्यांना निभावला पाहिजे." दोघांना तिसरं कुणी नव्हतं. कूलर लावावा, तर जिन्यात ट्रस्टची पाटी होती : 'जुने वायरिंग. कूलर लावणाऱ्यावर कारवाई होईल.' उकाड्यावर कारवाई करण्याची तरतूद पाटीत नव्हती.

तेव्हा भगूरहून झुंबरला बोलावलं. वाळ्याच्या ताट्या बांधणारे आता दोन-तीनच उरले होते; त्यांतला हा. बांबूच्या कामट्यांची चौकट, तिच्यात वाळ्याची मुळं दाबून भरलेली. ती खिडकीच्या बाहेरून, गजांना चिकटवून बांधायची आणि आतून पाणी मारायचं. बाहेरची झळ ओल्या मुळांतून गाळून आत येते, ती गार होऊन, वासासकट.

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी झुंबरने शिडी लावली. मेव्हण्याला शिडीवर चढवून त्याच्याकडून ताटी गजांवर दाबून धरली आणि स्वतः आत उभा राहून काथ्याच्या गाठी मारल्या.

"बाहेरून का नाही बांधत? शिडीवर माणूस आहेच की," पगारे म्हणाले. दुसऱ्याच्या कामात कार्यपद्धती विचारायची त्यांना सवय होती.

"न्हाई साहेब. गाठ घरवाल्याच्या अंगाला पायजे. पाऊस आला, ताटी काढायची झाली, तर घरवाल्यानं का शिडी आणायची? आमच्यात तसंच हाय. ज्याचं घर, त्याच्या अंगाला गाठ. आन् पाणी बी त्याच्याच अंगानं."

संध्याकाळी पहिल्यांदा पाणी मारलं. खोलीभर वाळ्याचा वास पसरला आणि मोहिनीबाई, अर्ध्या तोंडाने का होईना, हसल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "वणीच्या शाळेतल्या रांजणासारखा वास येतोय."

पगाऱ्यांनी मान वळवून चष्मा पुसला. चष्म्यावर पाणी उडालं होतं, असं त्यांचं म्हणणं.

३

त्यांनी वही घातली. वर ठळक अक्षरांत 'ओलिताचे रजिस्टर'. अकरा, एक, तीन, पाच : चार पाळ्या, तीन ताट्या, पुढे सही. बादली, तांब्या, आणि खाली पोतं.

आठव्या दिवशी दुपारी एकच्या पाळीला ते तांब्या घेऊन उठले. पहिली ताटी कोरडी. मारलं पाणी. दुसरी कोरडी. मारलं. तिसरी टपटप गळत होती.

वहीत अकराची सही होती. दोन तासांत मे महिन्यात धोतरसुद्धा वाळतं, ताटीचं काय घेऊन बसलात. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पगाऱ्यांनी सुलाबाईला उभं केलं. धुणंभांडी आणि मोहिनीबाईंचं अंग पुसणं तिच्याकडे होतं.

"सुलाबाई, तिसऱ्या ताटीवर पाणी कोण मारतं?"

"तुमी."

"मी एकला मारतो. एकच्या आधी कोण मारतं?"

"मला काय म्हाईत, दादा? मी तर बाराला चालले जाते. आन् चांगलंच हाय ना, कुनी मारत आसंल तर. तुमचा एक तांब्या वाचला."

"विनापरवाना मारतं!"

"आता पान्याला बी परवाना लागतो का, ताई?" सुलाबाईने खाटेकडे बघून विचारलं. मोहिनीबाई हसल्या. पगाऱ्यांना ते अजिबात आवडलं नाही.

दहा मेला ते जेवण झाल्यावर आडवे झालेच नाहीत. खुर्ची घेऊन तिसऱ्या खिडकीसमोर बसले. मोहिनीबाईंना डोळा लागला होता. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. लांब छावणीच्या बाजूला कुठेतरी ट्रक गिअर बदलत होता. साडेबाराला ताटी कोरडी पडली, इतकी की मुळं तडतडल्यासारखी वाजली.

पावणेएकला पलीकडून तांब्या बादलीवर आपटल्याचा आवाज आला. स्वच्छ, घरगुती आवाज. मग पाण्याचा हबका बसला. मुळांतून थेंब आरपार आले आणि पगाऱ्यांच्या तोंडावर उडाले.

साठीचा माणूस जितका पळू शकतो तितके ते जिना उतरून पळाले. इमारतीला वळसा घातला. खाली वाळलेलं गवत आणि लिंबाच्या निंबोळ्या. शिडी नाही, माणूस नाही. वर वीस फुटांवर तिन्ही ताट्या दिसत होत्या. पहिल्या दोन पाझरून काळपट झालेल्या. तिसरी पिवळीधमक, पापडासारखी कोरडी.

धापा टाकत ते वर आले. आतून तीच ताटी गळत होती.

"काय झालं?" मोहिनीबाईंनी विचारलं.

"काही नाही. पाणी मुळांतून एकाच बाजूला ओढलं जातं. शास्त्रीय कारण आहे त्याला."

"कोणतं?"

"आहे," पगारे ओरडले. "तू झोप."

४

झुंबरला निरोप गेला. तो अकरा तारखेला आला, मेव्हणा आणि शिडीसकट. पगाऱ्यांनी त्याला खिडकीसमोर उभं करून झापायला सुरुवात केली : माल खराब, बांधणी खराब, भरणी एकसारखी नाही. झुंबर ऐकतच नव्हता. तो गजांवरून बोटं फिरवत होता.

"साहेब, गाठी कुठं गेल्या?"

आठ गाठी मारल्या होत्या. पहिल्या खिडकीला आठ होत्या, दुसरीला आठ होत्या. तिसरीला एकही नव्हती. काथ्या गजांना वेढे घालून मुळांत शिरत होता आणि तिकडेच राहत होता.

"म्हणजे कुणीतरी सोडून बाहेरून बांधली," पगारे म्हणाले. "चहाटळपणा."

झुंबर खाली गेला, शिडीवरून वर चढला. ताटीपलीकडे त्याचं खरवडणं ऐकू येत होतं. मग बराच वेळ काही ऐकू आलं नाही. तो परत खोलीत आला तेव्हा त्याने चपला बाहेर काढल्या, आधी काढल्या नव्हत्या.

"बाहेरून बी गाठ न्हाई."

"असं कसं? दोरीला दोनच बाजू असतात."

"मला बी तेच वाटत व्हतं," झुंबर म्हणाला.

"मग काप आणि नव्याने बांध!"

"न्हाई साहेब. ताटी माझी हाय. बांधनी माझी न्हाई. दुसऱ्यानं बांधलेली ताटी आमी सोडत न्हाई. पान्याची बाजू तिकडं, गाठीची बाजू तिकडं. म्हंजे घर तिकडं हाय."

"आणि इकडे काय आहे मग?"

झुंबरने खोलीकडे पाहिलं. खाट, स्टोव्ह, भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर, रजिस्टर. त्याला उत्तर देताना लाज वाटली असावी.

"इकडं ऊन," तो म्हणाला.

पगाऱ्यांनी त्याला हाकलून दिलं.

५

आता मोहिनीबाईंबद्दल. खोली थंड ठेवायची होती ती त्यांच्यासाठी, आणि त्या खरोखर सुधारत होत्या. रंग उजळला. जीभ जड होती ती सुटी झाली. खाट तिसऱ्या खिडकीपासून चार फुटांवर होती. त्यांचा डावा हात त्या बाजूला लोंबायचा. सुलाबाई एकदा म्हणाली, "दादा, ताईंचा ह्यो हात लय गार लागतो, माठावानी." पगाऱ्यांनी धरून पाहिला. मग दुसरा धरून पाहिला. मग वहीत काहीच लिहिलं नाही.

अकरा तारखेच्या संध्याकाळी, झुंबर गेल्यानंतर, मोहिनीबाई सहज म्हणाल्या, "रागावू नका त्या पलीकडच्या बाईवर. ती तरी काय करणार? तिच्याकडे फार झळा येतात."

"कुठून?"

"आपल्याकडून."

पगाऱ्यांचा तोल गेला. "आपल्याकडून? भाडेपावती माझ्या नावावर आहे! घरपट्टीत ही खोली आहे, नकाशात ही खोली आहे! त्या भिंतीपलीकडे वीस फूट हवा आहे, मोहिनी, हवा!"

"असेल," त्या म्हणाल्या. "पण बरं वाटतं तिकडून. थोडं सरकवा ना खाट."

त्यांनी खाट सरकवली, उलट दिशेने. पूर्वेच्या भिंतीला, स्टोव्हच्या बाजूला, जिथे वाऱ्याचा स्पर्श नव्हता. आपण तिला वाचवतो आहोत, असं त्यांना वाटत होतं. छत्तीस वर्षांच्या संसारानंतर बायकोला दुसरीकडे बरं वाटतं याची चीड आली होती, हे त्यांनी फार पुढे कबूल केलं, तेही स्वतःशीच.

मग ते टेबलाशी बसले आणि आयुष्यातला सर्वांत निर्दोष अर्ज लिहिला. खिडकी क्रमांक तीन विटांनी बुजवावी. कारणं चार : पावसाचे पाणी, धूळ, चोरीची भीती, घरातील रुग्ण. सोबत खोलीचा आराखडा, मोजमापासह, तीन प्रतींत. सदतीस वर्षांत इतरांचे अर्ज कशाकशावर अडकतात ते त्यांनी पाहिलं होतं. या अर्जाला अडकायला जागाच ठेवली नव्हती.

"नका ना बुजवू," मोहिनीबाई पूर्वेच्या भिंतीकडून म्हणाल्या. त्यांचं तोंड तापलं होतं.

"तू मध्ये बोलू नकोस," पगारे म्हणाले आणि सही केली.

६

पुढचे नऊ दिवस मोहिनीबाई उकाड्यात पडून होत्या. सुलाबाई रोज सांगायची, "दादा, खाट सरकवा, बाई शिजून निघाली." पगारे रोज म्हणायचे, "एकदा खिडकी बुजू दे." ओला टॉवेल ते स्वतः दर अर्ध्या तासाने बदलत. वीस तारखेला दुपारी दुसरं स्मरणपत्र घेऊन ते ट्रस्टच्या कचेरीत गेले. पाऊण तास लागला.

परत आले तेव्हा खाट रिकामी होती.

चादर नीट बाजूला सारलेली. फरशीवर ओली पावलं. खाटेपासून निघालेली : एक उजवं पाऊल आणि शेजारी फरफटल्याची रेघ, पुन्हा उजवं, पुन्हा रेघ. खोलीच्या मध्यावर रेघ संपत होती. तिथून पुढे दोन पावलं उमटली होती, उजवं आणि डावं, सरळ, निरोगी माणसाची, तिसऱ्या खिडकीच्या गजांपर्यंत. गज जागच्या जागी होते.

पगाऱ्यांनी विळा घेतला आणि काथ्याचा एक वेढा कापला. ताटीचा कोपरा सुटला. फटीतून भक्कन ऊन आत आलं, गरम धूळ आली, लिंबाची फांदी दिसली, खालचा रस्ता दिसला. वीस फूट हवा. बाकी काही नाही. आणि पाणी मारण्याचा तो आवाज, जो आतापर्यंत येत होता, एकदम थांबला.

त्यांनी घाईघाईने कोपरा ओढून पुन्हा बांधला. गाठ चार वेळा सुटली. सकाळी त्यांची गाठही गजावर नव्हती, आणि पलीकडे तांब्या वाजत होता. त्या आवाजाने त्यांना रडू आलं. त्या रडण्याचाही त्यांना संताप आला.

पोलिसांत वर्दी दिली. हवालदाराने लिहून घेतलं, 'चालता न येणारी स्त्री घरातून निघून गेली,' आणि पेन थांबवून पगाऱ्यांकडे बघितलं. सुलाबाई दोन दिवस रडली. मग म्हणाली, "दादा, मी आता येनार न्हाई," आणि जाताना तिसऱ्या खिडकीला हात जोडून गेली.

सव्वीस तारखेला पगाऱ्यांनी फायली शिवायचा दाभण काढला. निवृत्तीच्या वेळी कचेरीतून आणलेली ती एकमेव वस्तू. डोळ्याच्या उंचीवर मुळांत खुपसला, हळूहळू फिरवला आणि भोकाला डोळा लावला.

पलीकडे अंधार नव्हता. संध्याकाळी दिवा लावण्याआधी असतो तसा उजेड होता. ओली फरशी, ह्याच दगडाची. दोन बायकांची पावलं शेजारीशेजारी, पाठमोरी, सावकाश लांब जात असलेली. एक जोडी त्यांना ओळखीची होती. डाव्या टाचेला भेग, जिला ते दर हिवाळ्यात मेण लावून देत. ती टाच छान उचलली जात होती.

"मोहिनी," ते म्हणाले.

पावलं थांबली. चारही वळली. बोटं त्यांच्याकडे झाली.

"बघ, किती झळ येते तिकडून," एक आवाज म्हणाला. दोघींपैकी कुणाचा, ते पगाऱ्यांनी कुठल्याही अर्जात लिहिलेलं नाही.

मग पाण्याचा हबका डोळ्यावर बसला, बर्फासारखा. डोळा पुसून पुन्हा पाहीपर्यंत भोक बुजलेलं होतं. पलीकडून, ताज्या वाळ्याने.

७

एकतीस मेला मंजुरीपत्र आलं. वीस दिवसांत. ह्याच ट्रस्टने नळाच्या चावीला अडीच वर्षं घेतली होती.

रद्द करण्याचा अर्ज लिहून पगारे दोन जूनला कचेरीत गेले. तिथला लिपिक किशोर देवरे, पस्तिशीचा, नम्र, चहा सांगणारा.

"पगारे साहेब, तुमचंच कौतुक करत होतो. असा अर्ज आम्ही पाहिला नाही. साहेबांनी विचारलं, त्रुटी काय? मी म्हटलं, शोधून सापडत नाही."

"रद्द करा."

"काय?"

"मंजुरी. रद्द करा. हा अर्ज."

देवरेने अर्ज वाचला. विषय वाचला, संदर्भ वाचला, मनःस्थितीचं वाक्य दोनदा वाचलं.

"साहेब, काकूंचं कळलं. वाईट झालं. पण आता रद्द करायचं म्हणजे समितीपुढे न्यावं लागेल. समिती बसते पावसाळ्यानंतर."

"आणि बुजवायला काय लागतं?"

"बुजवायला गवंडी लागतो," देवरे म्हणाला. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं.

पगाऱ्यांनी टेबलावर मूठ आपटली. चहा सांडला. "सदतीस वर्षं मी हेच काम केलंय, देवरे! एखादा कागद दाबून ठेवायला काय लागतं ते मला शिकवू नका! फाईल खाली सरकवा, हरवा, उंदीर लावा! तुम्हाला तेवढंही येत नाही?"

"साहेब, तुमच्या अर्जावर वरून 'तातडीचे' असं लाल शाईने लिहिलंय. तुम्हीच लिहिलंय."

पगाऱ्यांनी लाल अक्षरं पाहिली. अक्षर सुरेख होतं.

घरी येऊन त्यांनी स्टोव्ह पेटवणं बंद केलं. दिवा लावणं बंद केलं. पहाटेपासून बादल्या भरून ते तिन्ही ताट्यांवर, फरशीवर, भिंतींवर, स्वतःच्या अंगावर पाणी मारू लागले, म्हणजे या बाजूने झळ जाऊ नये. आपण किती गार आहोत हे तिकडे कळावं. कधी ओरडत, कधी शिव्या देत, एकदा नुसतं गजाला कपाळ लावून, "बाई, आता नाही ना गं येत झळ?" असं विचारत. ती विचारणा नेमकी कोणत्या बाईला होती, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. तिकडून तांब्या वाजायचा, पूर्वीसारखा चार वेळा नाही. चार तारखेला तर एकदाच.

शनिवार दि. ५ जून रोजी चारशे विटा व सिमेंटच्या दोन गोण्या इमारतीच्या आवारात उतरवण्यात आल्या. गवंडी सोमवारी सकाळी नऊ वाजता येणार असल्याचे तोंडी कळवण्यात आले आहे. मंजुरी रद्द करण्याबाबतचा अर्ज दि. २ जून रोजी आवक क्रमांक ११४ ने दाखल झाला असून अर्जदारास त्याची पोच मिळालेली आहे. अर्ज विचाराधीन आहे.